चालकांच्या पसंतीनुसार सार्वजनिक चार्जिंगचे नियोजन

चालकांच्या पसंतीनुसार सार्वजनिक चार्जिंगचे नियोजन म्हणजे सार्वजनिक चार्जिंग केंद्रावर येणाऱ्या विद्युत वाहनांपैकी कोणत्या वाहनाला, केव्हा, कोणत्या चार्जरवर आणि किती वेगाने वीज द्यायची, हे त्या वाहनांच्या चालकांची गरज विचारात घेऊन ठरवण्याची पद्धत होय. चालकाची निघण्याची वेळ, त्याला हवी असलेली ऊर्जा, तो मोजू इच्छित असलेली किंमत आणि त्याची थांबण्याची तयारी ही या नियोजनाची मुख्य माहिती असते. वीजजोडणीची क्षमता, रोहित्राचा भार आणि विजेचे वेळेनुसार बदलणारे दर या त्याच्या मर्यादा होत. संगणकशास्त्र, विद्युत अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्र या तिन्ही शाखांमध्ये या विषयाचा अभ्यास होतो.

परिभाषा

'चार्जिंग'साठी मराठीत 'प्रभारण' हा पारिभाषिक शब्द आहे. तथापि व्यवहारात तो रुळलेला नसल्यामुळे या लेखात 'चार्जिंग' हाच शब्द योजला आहे. वेळापत्रकाच्या गणितात 'लॅक्सिटी' नावाची एक राशी वारंवार येते. वाहन निघेपर्यंत उरलेल्या वेळातून, पूर्ण वेगाने चार्जिंग केल्यास लागणारा वेळ वजा केला की ही राशी मिळते. 'शैथिल्य' हा तिचा शब्दशः अनुवाद होईल, पण मराठीतील 'सवड' हा शब्द तिचा नेमका आशय सांगतो. एखाद्या गाडीला तीन तास उभे राहायचे असून चार्जिंगला दोन तास लागणार असतील, तर तिला एक तासाची सवड आहे. ज्या गाडीची सवड शून्य झाली, तिला त्या क्षणापासून अखंड आणि पूर्ण वेगाने वीज मिळाली नाही, तर तिची गरज वेळेत भागू शकत नाही.

घरगुती चार्जिंग आणि आगार यांहून वेगळेपण

घरी रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीचे नियोजन तुलनेने सोपे असते. गाडी एक, चालक एक आणि सकाळी निघण्याची वेळ बहुधा ठरलेली. बसच्या आगारात गाड्या अनेक असल्या, तरी प्रत्येक फेरीचे वेळापत्रक संस्थेनेच आखलेले असते. मुंबईत 'बेस्ट'च्या विद्युत बसगाड्या कोणत्या वेळी आगारात परतणार, हे उपक्रमाला आधीच ठाऊक असते. सार्वजनिक केंद्रावर या दोन्ही सोयी नसतात. कोण येणार, केव्हा येणार आणि किती वेळ थांबणार, हे गाडी दाराशी आल्यावरच कळते. शिवाय येणारे एकमेकांना अनोळखी असतात. एकाची सोय ही दुसऱ्याची गैरसोय ठरू शकते, आणि ती सोसण्याचे कोणतेही बंधन त्यांच्यावर नसते.

येथे एक तांत्रिक अडचण येते, जिच्याकडे सामान्य चर्चेत सहसा दुर्लक्ष होते. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाच्या (एसी) साध्या चार्जरला गाडीच्या बॅटरीत किती ऊर्जा शिल्लक आहे, हे कळत नाही. आयईसी ६१८५१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चार्जर एका संकेत-तारेवरून गाडीला जास्तीत जास्त किती अँपिअर प्रवाह घेता येईल, एवढेच सांगतो आणि गाडी त्या मर्यादेत प्रवाह घेते. प्रवाह कमीजास्त करण्याची सोय त्यात आहे, मात्र ६ अँपिअरच्या खाली चार्जिंग चालू ठेवता येत नाही. ते थांबवावेच लागते. एकदिश प्रवाहाच्या (डीसी) जलद चार्जरला बॅटरीची स्थिती कळते. पण गाडीचा मालक कोठे जाणार आहे आणि केव्हा निघणार आहे, हे कोणत्याच तारेवरून आपोआप कळत नाही. आयएसओ १५११८ या मानकात गाडीने निघण्याची वेळ आणि हवी असलेली ऊर्जा चार्जरला कळवण्याची तरतूद आहे. परंतु ती माहिती गाडीला तरी चालकानेच द्यावी लागते. त्यामुळे या नियोजनात चालकाला प्रश्न विचारण्याला पर्याय नाही.

पसंतीचे घटक

चालकाची पसंती म्हणजे केवळ स्वस्त विजेची इच्छा नव्हे. काही चालकांना निघण्याची वेळ महत्त्वाची असते आणि बॅटरी अर्धी भरली तरी चालते. दूर जाणाऱ्याला ठरावीक ऊर्जा मिळाल्याशिवाय निघताच येत नाही. अर्धवट चार्जिंग त्याच्या दृष्टीने शून्याच्याच तोलाचे. टॅक्सी किंवा मालवाहू रिक्षा चालवणाऱ्यासाठी रांगेतला प्रत्येक तास म्हणजे बुडालेली कमाई असते, म्हणून तो जास्त दर देऊनही लवकर सुटणे पसंत करील. चित्रपट पाहायला आलेल्या माणसाला मात्र घाईचे कारण नसते. याखेरीज केंद्र वाटेवर आहे की आडवाटेला, तेथे रात्री दिवे आणि माणसांची वर्दळ आहे का, स्वच्छतागृह आहे का, या गोष्टीही निवडीवर परिणाम करतात. एकट्याने प्रवास करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने यांतली शेवटची दोन कारणे दरापेक्षा निर्णायक ठरू शकतात. नियोजनाच्या गणिती प्रारूपांत मात्र ती क्वचितच आढळतात, कारण त्यांचे मोजमाप करणे कठीण असते.

गणितात या पसंती दोन प्रकारे मांडल्या जातात. काही अटी कठोर मानल्या जातात, म्हणजे त्या मोडल्या तर वेळापत्रकच अमान्य ठरते. उरलेल्या सौम्य मानून त्या न पाळल्याबद्दल काही दंड-गुण धरले जातात आणि एकूण दंड कमीत कमी राहील, अशी मांडणी शोधली जाते. कोणती अट कठोर धरायची हा निर्णय वरकरणी तांत्रिक भासला, तरी कोणाची गैरसोय खपवून घ्यायची याचाच तो निर्णय असतो.

क्रम लावण्याच्या रीती

सर्वांत जुनी आणि सर्वांना समजणारी रीत म्हणजे प्रथम येणाऱ्यास प्रथम सेवा. तिच्यात कोणाला काही विचारावे लागत नाही आणि वादही कमी होतात. तिचा दोष एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

समजा, एका वाहनतळावर प्रत्येकी ७ किलोवॅटचे चार चार्जर आहेत, परंतु वीजजोडणी केवळ १४ किलोवॅटची आहे. म्हणजे एका वेळी दोनच गाड्यांना पूर्ण वेगाने वीज मिळू शकते. सकाळी नऊच्या सुमारास चार गाड्या काही मिनिटांच्या अंतराने येतात. पहिलीला २१ युनिट हवे आहेत आणि ती सायंकाळी पाचला निघणार आहे. दुसरीला १४ युनिट हवे असून ती दुपारी एकला निघेल. तिसरीलाही १४ युनिटच हवे आहेत, पण तिला बाराला निघायचे आहे. चौथीला फक्त ७ युनिट पुरेत, मात्र तिला दहालाच जायचे आहे. आगमनाच्या क्रमाने वीज दिली, तर पहिल्या दोन गाड्या नऊपासून अकरापर्यंत दोन्ही जागा अडवतात. चौथी गाडी दहाला एकही युनिट न घेता निघून जाते आणि तिसरीला अकरा ते बारा या एका तासात निम्मेच चार्जिंग मिळते. पहिली गाडी बाराला पूर्ण भरते आणि पुढचे पाच तास नुसती उभी राहते.

याउलट ज्या गाडीची सवड सर्वांत कमी तिला आधी, असा नियम लावला, तर नऊ ते दहा चौथी आणि तिसरी, दहा ते अकरा तिसरी आणि दुसरी, अकरा ते बारा दुसरी आणि पहिली, आणि त्यानंतर दोनपर्यंत एकटी पहिली, असा क्रम लागतो. चौघांचीही गरज पूर्ण भागते. वीज तेवढीच, तारा त्याच. चालकांना विचारलेल्या दोन प्रश्नांमुळे हा फरक पडतो. 'सर्वांत लवकर निघणाऱ्यास प्रथम' हा याच्या जवळचा नियम असून या उदाहरणात तोही हाच क्रम देतो. संगणकाच्या प्रक्रियकावर कामे लावण्याच्या संदर्भात सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी १९७३ साली त्याचे विश्लेषण केले होते. चार्जिंगच्या क्षेत्राने असे अनेक नियम संगणकशास्त्रातून उसने घेतले आहेत.

विजेचे दर तासागणिक बदलत असतील किंवा छतावरील सौर पॅनेलांतून येणारी वीज वापरायची असेल, तर असे साधे क्रम अपुरे पडतात. तेव्हा पुढील काही तासांचे संपूर्ण वेळापत्रक गणिती अनुकूलनाने काढले जाते आणि नवी गाडी आली किंवा एखादी निघून गेली, की ते पुन्हा मांडले जाते. प्रत्यक्षात दर काही मिनिटांनी हे गणित नव्याने सोडवले जाते.

खोट्या माहितीचा प्रश्न

वरील उदाहरणातील पहिल्या चालकाने पाचऐवजी 'मी बाराला निघणार' असे सांगितले, तर काय होईल? त्याची सवड पाच तासांवरून शून्यावर येते. नऊपासून बारापर्यंत एक जागा त्याच्याकडे जाते, दुसऱ्या जागेवर चौथी आणि नंतर तिसरी गाडी उभी राहते. दुसऱ्या गाडीला बारा ते एक हा एकच तास उरतो आणि ती निम्म्या चार्जिंगवर निघते. खोटे बोलणाऱ्याचा लाभ एवढाच, की पाचपर्यंत उभी राहणारी त्याची गाडी दोनऐवजी बाराला भरली. त्याची शिक्षा मात्र भलत्यालाच मिळाली. सर्वच चालक असे सांगू लागले, तर कोणाचीही निघण्याची वेळ विश्वसनीय राहत नाही आणि नियोजन पुन्हा आगमनक्रमावर येऊन ठेपते.

म्हणून खरे सांगणेच चालकाच्या हिताचे ठरेल, असे नियम रचण्याचे प्रयत्न झाले आहेत. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ साली लिलावांविषयी मांडलेल्या विचारापर्यंत या प्रयत्नांचे मूळ जाते. त्या विचाराचा आशय असा, की ज्याला वस्तू मिळते त्याने स्वतःची बोली नव्हे, तर त्याच्यामुळे दुसऱ्यांचे जे नुकसान होते तेवढी किंमत मोजावी. विद्युत वाहनांच्या बाबतीत अडचण अशी, की गाड्या एकाच वेळी न येता दिवसभर येत राहतात. एनरिको गेर्डिंग, व्हॅलेंटिन रोबू, सेबास्टियन स्टाइन, डेव्हिड पार्क्स, अ‍ॅलेक्स रॉजर्स आणि निकोलस जेनिंग्ज यांनी २०११ मध्ये या परिस्थितीसाठी एक यंत्रणा मांडली. तिचे वैशिष्ट्य काहीसे विस्मयकारक आहे. चालकांनी खरे सांगावे यासाठी ही यंत्रणा काही वेळा उपलब्ध वीज मुद्दाम कोणालाच न देता सोडून देते. प्रामाणिकपणासाठी मोजलेली ही किंमत गणिताच्या दृष्टीने निर्दोष असली, तरी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ती पटवून देणे अवघड आहे. कदाचित त्यामुळेच व्यवहारात सोपा मार्ग पत्करलेला दिसतो: जो अधिक वेळ देईल त्याला स्वस्त दर आणि ज्याला घाई आहे त्याला महाग दर. असा दर असेल, तर विनाकारण घाई सांगणाऱ्याचा खिसा रिकामा होतो.

कॅलटेक येथील प्रयोग

या विषयावरील उपलब्ध प्रत्यक्ष अनुभवांत अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (कॅलटेक) या संस्थेचा प्रयोग महत्त्वाचा मानला जातो. पासाडेना येथील तिच्या आवारातील एका वाहनतळावर २०१६ मध्ये प्राध्यापक स्टीव्हन लो यांच्या गटाने परिवर्तनशील चार्जिंगची यंत्रणा उभारली. तेथील ५४ चार्जरांना एकाच वेळी पूर्ण वेगाने वीज देता येईल, एवढी रोहित्राची क्षमता नव्हती. क्षमता वाढवण्याऐवजी चालकाने मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये आपली निघण्याची वेळ आणि हवी असलेली ऊर्जा नोंदवावी आणि त्यानुसार संगणकाने प्रत्येक चार्जरचा प्रवाह ठरवावा, अशी व्यवस्था करण्यात आली. ही पद्धत पुढे पॉवरफ्लेक्स या कंपनीद्वारे व्यावसायिक स्वरूपात आली.

झॅकरी ली, टोंगशिन ली आणि स्टीव्हन लो यांनी २०१९ मध्ये येथील आणि जवळच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या वाहनतळावरील नोंदींचा संच अभ्यासकांसाठी खुला केला. त्यातून निघालेला एक निष्कर्ष या लेखाच्या विषयाच्या मुळाशीच जाणारा आहे. चालकांनी स्वतः सांगितलेल्या निघण्याच्या वेळा आणि ऊर्जेचे आकडे बरेचसे चुकीचे होते. पूर्वीच्या नोंदींवरून संख्याशास्त्रीय पद्धतीने बांधलेला अंदाज हा चालकाच्या स्वतःच्या सांगण्यापेक्षा अधिक बरोबर येत होता. यात फसवणुकीचा हेतू गृहीत धरण्याचे कारण नाही. माणसे सवयीने तेच आकडे पुन्हा भरतात, बैठक लांबते, आज किती अंतर कापायचे आहे याचा हिशेब कोणी नेमका करत नाही. तरीही केवळ अंदाजावर विसंबणे धोक्याचे आहे. एरवी पाचला निघणाऱ्या चालकाला ज्या दिवशी रुग्णालयातून बोलावणे येते, त्या दिवशी जुन्या नोंदी निरुपयोगी असतात. म्हणून 'ताबडतोब चार्जिंग' हा पर्याय चालकाच्या हाती असणे आवश्यक मानले जाते. ब्रिटनमध्ये ३० जून २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत घरगुती आणि कामाच्या ठिकाणच्या खासगी चार्जरांनी गर्दीच्या वेळा आपोआप टाळाव्यात असे बंधन आहे, परंतु चालकाला ती वेळ बदलण्याची मुभाही त्याच नियमांनी दिली आहे.

आगाऊ नोंदणी

रांगेला दुसरा पर्याय म्हणजे रेल्वेप्रमाणे आरक्षण. चार्जर आणि मध्यवर्ती संगणक यांच्यातील संवादासाठी प्रचलित असलेल्या ओसीपीपी या खुल्या संकेतप्रणालीत ठरावीक चालकासाठी चार्जर राखून ठेवण्याची आज्ञा आहे; चार्जरची शक्ती वेळेनुसार कमीजास्त करण्याची सोयही तिच्या १.६ या आवृत्तीपासून (२०१५) उपलब्ध आहे.

आरक्षणामुळे चालकाची चिंता कमी होते, पण केंद्राची कार्यक्षमता घटू शकते. राखीव वेळ सुरू होण्यापूर्वी चार्जर रिकामा ठेवावा लागतो आणि नोंदणी करणारा उशिरा आला किंवा आलाच नाही, तर तो वेळ वाया जातो. गणेशोत्सवाच्या आदल्या दिवसांत मुंबईहून कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याला महामार्गावरील केंद्रावर आपण किती वाजता पोहोचू हे सांगता येणे जवळजवळ अशक्य आहे. शिवाय त्या दिवशी सर्वांची पसंती एकच असते आणि पसंतीनुसार नियोजन करण्याला वावच उरत नाही. सवड ज्यांच्यापाशी आहे, असे कोणी रांगेत असेल तरच इतरांना पुढे घेता येते. यावर उपाय म्हणून थोडी सवलतीची मुदत देणे, न येणाऱ्याकडून शुल्क घेणे, किंवा काही चार्जर आरक्षणासाठी आणि उरलेले ऐनवेळी येणाऱ्यांसाठी ठेवणे अशा तडजोडी सुचवल्या जातात.

चार्जिंग संपल्यावर न हलणारी गाडी

वेळापत्रक कितीही काटेकोर असले, तरी भरलेली गाडी जागेवरून हलली नाही तर ते कोलमडते. डच भाषेत अशा चालकासाठी 'चार्जरला चिकटून बसणारा' या अर्थाचा एक शब्दच रूढ झाला आहे. टेस्ला कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या जलद चार्जरांवर, चार्जिंग संपल्यानंतर उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी मिनिटागणिक शुल्क सुरू केले. पाच मिनिटांत गाडी हलवल्यास ते माफ होते. पुढे मे २०१९ मध्ये गर्दीच्या केंद्रांवर बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच भरण्याची मर्यादाही आणली गेली. लिथियम-आयन बॅटरी भरत आली की तिचा प्रवाह कमी करावा लागतो, त्यामुळे शेवटच्या वीस टक्क्यांना बराच वेळ लागतो. तेवढ्या वेळात दुसऱ्या गाडीत कितीतरी अधिक ऊर्जा भरता येते.

भारतातील स्थिती

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये, विद्युत वाहनांना चार्जिंग पुरवणे ही वीजविक्री नसून सेवा आहे आणि तीसाठी वीजवितरणाचा परवाना लागत नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सार्वजनिक केंद्रांनी किमान एका जाळेसेवा पुरवठादाराशी संलग्न होऊन चालकांना चार्जिंगच्या वेळेची दूरस्थ आगाऊ नोंदणी करता येईल, अशी व्यवस्था करावी, असे सांगितले होते. अर्थात पसंतीनुसार नियोजनाचे बीज भारतीय धोरणात प्रारंभापासून आहे.

दरांच्या रूपाने ते अधिक ठळक झाले आहे. सप्टेंबर २०२४ च्या सूचनांनुसार केंद्रांना मिळणाऱ्या विजेचा दर सौर तासांत, म्हणजे सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत, वीजपुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट असावा. म्हणजे रात्रीची वीज दुपारच्या विजेच्या पावणेदोन पटींहून अधिक महाग ठरते. प्रत्यक्ष दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतात. दिवसा मुबलक असणारी सौर वीज वापरात यावी, हा यामागील हेतू आहे. सिव्हन पॉवेल, राम राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागाविषयी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही रात्री घरी करण्याऐवजी दिवसा कामाच्या व सार्वजनिक ठिकाणी चार्जिंग केल्यास वीजयंत्रणेवरील ताण कमी होतो, असे आढळले.

मात्र दिवसा गाडी उभी ठेवणे सर्वांना शक्य नसते. कार्यालयाच्या वाहनतळावर आठ तास गाडी लावणाऱ्या नोकरदाराला स्वस्त तासांचा लाभ आपोआप मिळतो. त्याच तासांत ज्याचे वाहन रस्त्यावर धावते तेव्हाच पोट भरते, त्या रिक्षाचालकाला किंवा घरोघरी माल पोहोचवणाऱ्याला रात्रीचा महाग दर मोजावा लागतो. चाळीत किंवा वाहनतळ नसलेल्या जुन्या इमारतीत राहणाऱ्यांना घरी चार्जिंगचा पर्यायही नसतो. सवड कमी असणे ही त्यांच्यासाठी पसंती नसून परिस्थिती असते, आणि सवडीनुसार दर आकारणारी यंत्रणा या दोहोंत भेद करू शकत नाही. काही अभ्यासक यासाठी प्रत्येक गाडीला ठरावीक किमान ऊर्जा समान दराने आणि विनाविलंब द्यावी व त्यापुढील ऊर्जेपुरतेच पसंतीचे नियम लावावेत, अशी रचना सुचवतात. किमान ऊर्जा किती धरायची, हे मात्र वाहनागणिक बदलते: दुचाकीला दोन युनिटमध्ये दिवसभराचे काम भागवता येते, तर मोटारीला तेवढ्यात दहा-पंधरा किलोमीटरच जाता येते.